नंदाकाकू आणि स्वेटरवाले

खोली बघायला गेलो तेव्हा नंदाकाकूंनी मला दोन प्रश्न विचारले. पहिला, अंडं खाता का. मी खरं सांगून टाकलं, खातो, पण खोलीत आणणार नाही.

"खोलीत न्हाई आन् गल्लीत बी न्हाई," त्या म्हणाल्या.

दुसरा प्रश्न त्यानंतर कुठल्याच घरमालकिणीनं मला विचारला नाही. कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग, हातात साखरेचं माप. इकडंतिकडं बघून त्यांनी आवाज खाली आणला.

"डाक्टर, तुमच्या हातून महिन्याला किती ढोरं मरत्यात?"

मी गुरांचा डॉक्टर. कातरवाडीच्या दवाखान्यात माझी पहिलीच नेमणूक होती. मला वाटलं, बाई माझी परीक्षा घेताहेत. जरा दुखावूनच म्हणालो, "काकू, वाचवायचाच प्रयत्न असतो."

"वाचवा की! कोण नको म्हणतंय? पर मेलंच, तर त्याच दिवशी मला सांगायचं. कुठं नेऊन टाकलं ते बी सांगायचं. मंजूर असंल तर किल्ली घ्या."

मी किल्ली घेतली. मेलेल्या जनावरांचं ही किराणा दुकानदारीण काय करते, हे विचारायची हिंमत झाली नाही.

कातरवाडी शिरूर कासारच्या अलीकडं, बालाघाटाच्या अंगाला चिकटलेली. दिवाळीचे दिवे विझले की ट्रॅक्टर येतात, भांडीकुंडी, कोंबड्या, लेकरं भरतात आणि निम्म्याहून जास्त गाव ऊस तोडायला निघून जातं. मागं राहतात म्हातारी माणसं, कुलपं, आणि दुकानदार. काकूंचं दुकान बरं चालायचं. धाकटे दीर शिवअप्पा गल्ल्यावर बसायचे आणि काकू बाकी सगळीकडं. मालक लवकर गेले. मुलगी लातूरला दिलेली. उन्हाळ्या-पावसाळ्यात काकूंना श्वास घ्यायला फुरसत नसे. हिवाळ्यात मात्र सकाळी चूल आवरली की त्या गच्चीवर जात आणि डोंगराकडं तोंड करून पाण्याच्या टाकीला टेकून बसत.

"स्वेटरवाले आले का बघते," मी पहिल्यांदा गच्चीवर गेलो तेव्हा त्या म्हणाल्या.

स्वेटरवाले म्हणजे गरुड. बीडला थंडीत नेपाळी माणसं येऊन रस्त्याकडेला स्वेटरांची दुकानं मांडतात आणि होळीच्या आसपास गाशा गुंडाळून जातात. हे मोठे तपकिरी गरुडही त्याच सुमाराला येत, त्याच सुमाराला जात. काकूंनी दोघांना एकच नाव देऊन टाकलं होतं. कुठल्याशा पाखरंवाल्या मंडळींनी त्यांना सांगितलं होतं, की हे हिमालयाच्याही पलीकडून, गवताच्या मोठमोठ्या मैदानांतून येतात. काकूंना त्यातलं एकच पटलं नव्हतं. "एवढ्या लांबून येऊन कातरवाडीत कशापायी राहावं माणसानं? तिकडं पुण्याला जावं."

गरुडांना त्या 'माणूस'च म्हणत.

गरुड म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं झेप घेणारा, नागाला उचलणारा, कॅलेंडरवरचा गरुड होता. पहिल्या आठवड्यातच काकूंनी तो उतरवून ठेवला. "झेप-बीप काय न्हाई. लई आळशी जात. बघा, अजून बसलेत." खरंच बसले होते. डोंगराच्या कड्यावर, थंडीनं अंग फुगवून, सरकारी कचेरीच्या पायरीवर माणसं बसावीत तसे. ऊन चढलं, काळा खडक तापला, की त्यातला एक उठे, दोनदा पंख मारी आणि नुसते पसरून धरी. खडकावरची तापलेली हवाच त्याला गोल गोल फिरवत वर नेई.

"पंख हालवला की भूक लागती," काकू समजावत. "म्हणून हालवायचाच न्हाई. आपले शिवअप्पा बघा, गल्ल्यावरनं उठतेत का?"

खाली गल्ल्यावरून शिवअप्पांचा आवाज येई, "ऐकू येतंय हां वहिनी!"

एवढ्या उघड्याबोडक्या डोंगरात यांना खायला मिळतं तरी कुठं, असं मी एकदा विचारलं. मला वाटत होतं, तीक्ष्ण नजर वगैरे काहीतरी उत्तर येईल. काकूंनी मला शिरूरच्या बाजाराचं उदाहरण दिलं. "बाजारात रांग दिसली की तुमी काय करता? आधी उभं राहता. काय वाटतेत ते मग इचारता. तसंच हाय हे." आकाशात गरुड एकमेकांपासून लांब लांब फिरत असतात, प्रत्येकाचा अर्धा डोळा जमिनीवर आणि दीड डोळा शेजाऱ्यावर. कावळे कुठं जमले, कुत्रं कुठं पळालं, घार कुठं घुटमळली, हे बघायचं. एक खाली उतरला की तो का उतरला, हे न विचारता लांबचा दुसरा निघतो, त्याला बघून तिसरा. म्हणून काकूंना मेलेल्या जनावरांची खबर हवी असे. डोंगरापलीकडच्या दरीत गावची मेलेली जनावरं टाकत. माझ्याकडून बातमी मिळाली की त्या गच्चीवर बसून बघत, पहिला कधी उतरतो आणि बाकीच्यांना कधी कळतं. पैज लावत. समोर कुणी नसेल तर स्वतःशीच लावत आणि बहुतेक वेळा हरत.

मेलेलं जनावर रोज थोडंच मिळतं? मग स्वेटरवाले काढलेल्या बाजरीच्या रानात उतरून उंदराच्या बिळापुढं उभे राहत. तासन्‌तास. घारीनं काही पकडलं तर तिच्या मागं लागून ते टाकायला लावत. हे काकूंना मुळीच आवडत नसे. एकदा एका गरुडानं घारीचा उंदीर हिसकावला, तेव्हा त्या गच्चीवरून ओरडल्या, "आरं, एवढं मोठं धूड तुझं, शरम न्हाई वाटत? तिची लेकरं काय खातील?" रस्त्यावरून जाणाऱ्या पोस्टमननं सायकल थांबवून आजूबाजूला बघितलं होतं.

काकूंचं सगळंच बरोबर असे असं मुळीच नाही. एकदा त्या धापा टाकत दवाखान्यात आल्या. मी एका कालवडीला सलाईन लावत होतो. "डाक्टर, सोडा ते! सापमार आलाय. हवेत एका जागी उभा हाय. पंख सुदीक हालत न्हाईत!" सापमार गरुड साप हेरताना वाऱ्यावर एका जागी थांबतो, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. वाटेत त्यांनी शाळा सोडायला लावली, पिठाची गिरणी बंद पाडली, पारावरची म्हातारी माणसं उठवली. सगळे मारुतीच्या देवळामागं माना वर करून उभे. खरंच हवेत काहीतरी थांबलं होतं. मग ते बारीकसं गुणगुणलं, तिरकं सरकलं आणि उतरून एका टोपीवाल्या साहेबाच्या पायाशी बसलं. गावठाणाची मोजणी करायला आलेला ड्रोन होता तो.

गाव फिदीफिदी हसलं. काकूंनी पदर सारखा केला, ड्रोनजवळ जाऊन तो वाकून बघितला आणि साहेबाला विचारलं, "ह्यो काय खातो?"

"बॅटरी, मावशी."

"मग चांगलं हाय. उपाशी तरी मरायचा न्हाई." आणि त्या दुकानाकडं निघून गेल्या. पुढं महिनाभर गावात कुणीही दुकानात आलं की आधी 'सापमार गेला का काकू?' असं विचारी आणि काकू त्याला सगळ्यात शेवटी सामान देत.

मला त्या चारचौघांत 'तुमी' म्हणत. रागावल्या, घाबरल्या की 'तू' म्हणत. त्या जानेवारीतल्या सकाळी दार वाजलं आणि बाहेरून आवाज आला, "डाक्टर, ऊठ. तुझी पिशवी घे." तेव्हाच मला कळलं, काहीतरी बिघडलं आहे.

"दोघं उतरले कड्यामागं," त्या मोटरसायकलवर माझ्यामागं बसून सांगत होत्या. "कवाचे उतरलेत. उठलेच न्हाईत. आन् कावळे गप झालेत, डाक्टर. कावळे कवा गप बसतेत का?"

पायथ्याला गाडी लावून आम्ही चढलो. काकू साठीच्या पुढच्या. पण माझ्यापुढं होत्या. कड्यामागच्या सपाटीवर अर्धी खाल्लेली शेळी पडली होती. भोवती कावळे मरून पडलेले, एक घार, आणि थोड्या अंतरावर पंख पसरून पालथा पडलेला एक गरुड. दुसरा गरुड उभा होता, पण पंख लोंबत होते, मान हलत होती आणि चोचीतून लाळ गळत होती. शेळीवर पांढुरकी पूड होती. वास ओळखीचा. कापसावर मारायचं औषध.

कीटकनाशकाच्या विषबाधेवरचं ॲट्रोपिनचं इंजेक्शन माझ्या पिशवीत असतंच. जनावरं फवारलेला पाला खातात आणि मग धावपळ होते. पण गरुडाला किती द्यायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी माझी शाल त्याच्यावर टाकली, पाय धरले, कोंबडीचा हिशेब धरून वजनाचा अंदाज केला आणि सुई टोचली. तो एवढा अशक्त झाला होता की त्यानं नख्याही आवळल्या नाहीत.

मान वर केली तर काकू शेळीजवळ उभ्या होत्या आणि वर बघत होत्या. आकाशात आता ऊन तापायला लागलं होतं आणि गरुड फिरत होते. एकाला बघून दुसरा. दुसऱ्याला बघून तिसरा. रांग लागत होती.

मग मी जे बघितलं ते विसरणार नाही. काकूंनी डोक्यावरचा पदर काढून कमरेला खोचला, माझ्या पिशवीला अडकवलेलं हेल्मेट घेतलं आणि त्यावर दगड बडवायला सुरुवात केली. "हाट्‌! हाट्‌! खाऊ नगंस! इख हाय त्याच्यात! आरं, जा की परत, मुडद्या!" एक गरुड अगदी जवळच्या खडकावर येऊन बसला. काकूंनी त्याच्याकडं तोंड करून त्याला सविस्तर समजावलं, की आज इथं जेवण नाही. तो जागचा हलेना. काकूही हलल्या नाहीत.

मी गावात फोन लावले. कुदळ-फावडं घेऊन पहिला चढून आला तो अंकुश. शेळी त्याचीच. आदल्या दिवशी बिबट्यानं ती मारली होती आणि बिबट्या उरलेलं खायला परत येतो म्हणून अंकुशनं तिच्यावर औषध टाकलं होतं. त्यानं ते लपवलं नाही. उलट चिडूनच बोलला.

"काकू, माझी गाभण शेळी गेली. बिबट्याला मारायला टाकलं मी. तुमच्या पाखरांशी माझं काय वैर हाय का?"

"बिबट्याला ताट वाढलंस," काकू म्हणाल्या. आवाज बसला होता, पण दगड हातातच होता. "पंगतीला कोन कोन बसतंय ते बघितलंस? हे कावळे बघ. ती घार बघ. उद्या कुत्रं ह्यातलं तोंडात धरून तुझ्याच अंगणात येईल, तिथं तुझी पोर खेळती. काय म्हणशील तिला?"

अंकुशनं मेलेल्या कावळ्यांकडं बघितलं, घारीकडं बघितलं आणि शर्टाच्या बाह्या वर केल्या. खडकाळ जमीन, खड्डा खोल जायला दुपार झाली. शेळी, कावळे, घार, मेलेला गरुड, सगळं पुरून वर मोठे धोंडे रचले. ते होईपर्यंत काकू हेल्मेट बडवत होत्या. उतरताना त्यांनी अंकुशला एवढंच विचारलं, "उरलेल्या शेळ्या किती हायत?" आणि गोठ्याला तारेचं कुंपण होईपर्यंत त्या सगळ्या शेळ्या दुकानामागच्या गोडाऊनच्या अंगणात आल्या. त्यांनी शिवअप्पांच्या जमाखर्चावर बसण्यापासून गुळाची ढेप चाटण्यापर्यंत सगळं केलं. काकू म्हणाल्या, "पाहुणे हायत."

खरा पाहुणा गोडाऊनच्या आत होता. वनखात्याला मी कळवलं. त्यांची गाडी तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला गुंतलेली. 'डॉक्टर आहात, येईपर्यंत तुम्हीच सांभाळा' म्हणाले. शालीत गुंडाळून खाली आणलेला गरुड सरकीच्या पोत्यांमध्ये अंधारात उभा होता. लाळ थांबली होती, मान ताठ झाली होती. आता त्याला खायला हवं होतं आणि ते ज्या घराच्या गल्लीतसुद्धा अंडं चालत नव्हतं, तिथं.

मी म्हणालो, मी शिरूरला जाऊन मांस घेऊन येतो, दवाखान्यात कापतो, तुम्ही बघू नका. काकू बरं म्हणाल्या. तेवढ्यात पलीकडच्या वस्तीवर म्हैस अडली म्हणून माणूस बोलवायला आला आणि मला जावं लागलं. परत आलो तेव्हा गोडाऊनच्या दाराशी काकू बसल्या होत्या, पुढ्यात स्टीलचा डबा, हातात चुलीचा चिमटा आणि नाकाला पदर. गरुड खात होता.

पुढचं मला शिरूरच्या रशीदभाईंनी, म्हणजे खाटकानं, सांगितलं. "डॉक्टरसाब, गिऱ्हाईकं एकदम चूप! मला वाटलं, काकू रस्ता चुकल्या. म्हटलं, काकू, किराणा समोर हाय. तर म्हणतेत, 'तुमच्याकडंच आलेय. पाव किलो द्या. ताजं द्या, पाहुणा आजारी हाय.' मी विचारलं, कलेजी पन देऊ का? तर लई वेळ विचार केला. म्हणल्या, 'डाक्टरला इचारलं न्हाई. पर आजारी माणसाला चांगलं असंल तर द्या.'"

रशीदभाईंनी ते दोन कागदांत गुंडाळून डब्यात बसवून दिलं, आणि काकू तो डबा मांडीवर धरून बसमधून आल्या. वाटेत कंडक्टरनं विचारलं, "काय काकू, पुरणपोळ्या का?" काकू म्हणाल्या, "व्हय."

घरी शिवअप्पांनी तोंड फिरवलं होतं. दोन दिवस ते वहिनींच्या हातचं पाणी प्याले नाहीत. शेवटी न राहवून म्हणाले, "वहिनी, गळ्यात लिंग हाय तुमच्या."

"हाय म्हणूनच गेलते. उपाशी जीव गोडाऊनमधी ठिवून पूजेला बसू का?"

शिवअप्पांनी मठातून महाराजांना बोलावलं. वयस्कर माणूस, मितभाषी. काकूंनी त्यांच्या पायांवर पाणी घातलं, चहा दिला आणि सरळ विचारलं, "महाराज, दासोह म्हंजे भुकेल्याला जेवू घालणं. बरुबर? मग ते फकस्त भाताचंच असतं का?" महाराजांनी गोडाऊनच्या फटीतून आत बघितलं. आतून दोन पिवळट डोळ्यांनी त्यांच्याकडं बघितलं. बराच वेळ दोघं एकमेकांना बघत राहिले. मग महाराज ओसरीवर येऊन बसले, चहा संपवला आणि म्हणाले, "चिमटा तेवढा वेगळा ठेवा."

एवढ्यावर निकाल लागला. त्या संध्याकाळी शिवअप्पा वहिनींच्या हातचं पाणी प्याले. दुसऱ्या दिवशी शिरूरहून येताना डबा त्यांनीच आणला, अर्थात सायकलच्या हँडलला लांब काठी बांधून, काठीच्या टोकाला.

वनखात्याची माणसं आली तोवर गरुड पोत्यांवर चढून पंख झाडायला लागला होता. त्यांनी तपासलं आणि इथंच सोडू म्हणाले. कड्यावर नेऊन पेटारा उघडला. शिवअप्पा, अंकुश, रशीदभाईसुद्धा आले होते. गरुड बाहेर आला, चार पावलं चालला, खडकावर चढला आणि बसला. आम्ही वाट बघितली. तो बसूनच. रशीदभाई हळूच म्हणाले, "आता कोळशाची शेगडी आनावी का खाली?"

"खडक तापू द्या," काकू म्हणाल्या आणि त्याही एका धोंड्यावर बसल्या. काकूंना एवढा वेळ गप्प बसलेलं मी तेवढंच बघितलं. ऊन चढलं. गरुडानं पंख उघडले, दोनदा हलवले, कड्यावरून पुढं झाला, एक क्षण खाली गेल्यासारखा वाटला आणि मग हवेनं त्याला उचललं. तो गोल फिरत बारीक होत गेला. काकूंची मान त्याच्याबरोबर फिरत होती. ठिपकाही दिसेनासा झाल्यावर त्यांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं आणि उठल्या. "चला. दुकान उघडायचंय."

उतरताना मी त्यांना विचारलं, हे वेड लागलं कधी. त्या म्हणाल्या, "मालक गेले त्या साली दिवाळी झाली न् गाव ऊसतोडीला गेलं. दुकानात गिऱ्हाईक न्हाई, घरात बोलायला कोन न्हाई. खाली बघून बघून बेजार झाले. मग वर बघाया लागले." एवढंच. मग लगेच त्यांनी अंकुशला हाक मारून शेळ्या कधी नेतो ते विचारलं, कारण एकीनं शिवअप्पांचा चष्मा खाल्ला होता.

पुढं माझी बदली उमापूरला झाली. काकू मागच्या पावसाळ्यात गेल्या. झोपेत गेल्या, असं शिवअप्पा फोनवर म्हणाले.

त्यांना मी शेवटचं बघितलं ते त्याच्या आधीच्या थंडीत, गेवराईत. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. कामावरून परतताना मी दवाखान्यात डोकावलो. एका डोळ्यावर हिरवी पट्टी. दुसऱ्यातला मोतीबिंदू अजून काढायचा होता, त्यामुळं त्यालाही धूरच दिसे. माझा आवाज ऐकताच त्यांनी डॉक्टर, नर्स, बेसनाचा भाव आणि लातूरचा जावई यांच्याबद्दलच्या तक्रारी सांगून टाकल्या. मग म्हणाल्या, "खिडकीतनं रान दिसतंय म्हणं. बाहेर काय उडतंय का?"

दवाखाना गावाच्या कडेला होता. तुरीच्या रानावर उन्हं कलली होती आणि एक पक्षी जमिनीलगत चालला होता. "एक आहे," मी म्हणालो. "घारीएवढा असेल. फिकट रंगाचा."

"पंख कसे धरलेत?"

"वर."

"वर म्हंजे कसे? हात करून दाखव."

मी हात पसरून पलंगाजवळ उभा राहिलो. काकूंनी चाचपडत माझं मनगट धरलं, तिथून बोटं कोपरापर्यंत आणली, कोपरापासून खांद्यापर्यंत नेली. "एवढेच?" "जरा वर." त्यांनी माझे दोन्ही हात वर उचलले. "आन् डुलतोय का?"

"हो. या अंगावर, त्या अंगावर."

"मग डुल की."

मी डुललो. शेजारच्या पलंगावरचे आजोबा, त्यांच्याही डोळ्याला पट्टी, उठून बसले. दारातल्या दोन बायका आत आल्या.

"भोवत्या हाय," काकूंनी सगळ्या वॉर्डाला सांगितलं. "स्वेटरवाल्यांसारखाच थंडीतला पाहुणा. मुक्कामाला निघालाय. म्हणून तर एवढा खालनं चाललाय."

नर्स डोळ्यात घालायचे थेंब घेऊन आली आणि मला बघून दारातच थांबली. "साहेब, हे काय चाललंय?" मी ओशाळून हात खाली घ्यायला लागलो. पण काकूंचे तळवे माझ्या कोपरांखाली तसेच होते. त्यांनी हात खाली येऊ दिले नाहीत.

"थांब जरा," त्या म्हणाल्या. "अजून गेला न्हाई ना तो?"

मी खिडकीबाहेर बघितलं. गेला नव्हता.